मागच्या जिन्याचं कुलूप

३ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा कुलूप! शनिवारी भांडून काढायला लावलं होतं. आज सकाळी बघते तर मागच्या जिन्याच्या जाळीच्या दरवाजाला नवं कोरं, पितळी, मुठीएवढं. जुनं निदान गंजलेलं तरी होतं.

तशीच बदरुल साहेबांच्या केबिनमध्ये गेले. प्रॉडक्शन मॅनेजर झाले म्हणून काय झालं! म्हटलं, साहेब, तिसऱ्या मजल्यावर माझ्या लाइनीत बायका बसतात. पुढचा जिना गोदामातून जातो, त्यात निम्म्या पायऱ्यांवर तुमची खोकी. मागचा बंद. आग लागली तर आम्ही काय खिडकीतून उडायचं?

त्यांनी डोकंसुद्धा वर केलं नाही. "मोर्शेदा, तुला लाइन चीफ केलंय ते शिलाई बघायला की जिने बघायला?"

दोन्ही, म्हटलं.

"मागच्या जिन्यानं शर्ट खाली टाकतात. चोरी होते. आग लागलीच तर मी आहे ना! चावी माझ्या खिशात आहे."

आणि तुम्ही कुठे असाल?

यावर म्हणे, "इथेच असतो मी. कुठे जाणार!"

४ ऑक्टोबर

बदरुल साहेब दुपारी जेवायला घरी गेले. चावीसकट.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

शुक्रवारची सुट्टी. सुट्टी कसली— चाळीतल्या एका चुलीवर साऱ्यांचा भात, आपला नंबर येईपर्यंत भूक मरते. लायलीनं सुकटीचं भरीत केलं, मिरची एवढी घातली की दोघींच्या नाकाला पाणी. वर मलाच म्हणते, "आपा, तू ओरडून ओरडून तोंडाची चव घालवलीस, म्हणून जास्त घातली." धाकटी बहीण म्हणून लाडावून ठेवली, त्याचं फळ.

कोहिनूर आली होती जेवायला. माझ्या लाइनीत कॉलर लावते. तिच्याइतका साफ हात कोणाचा नाही आणि तिच्याइतकी तिखट जीभही कोणाची नाही. कुलपाचा विषय निघालाच.

"चावी उशाखाली घेऊन झोपत असेल तो," कोहिनूर म्हणाली. "बायको विचारत असेल, अहो, मी की चावी?"

लायलीला भाताचा ठसका लागला. मी पण हसले. नंतर हसल्याचाच राग आला.

११ ऑक्टोबर, मंगळवार

आज मरता मरता वाचलो. नाही— मरण्यासारखं काही नव्हतंच, तरी मरता मरता वाचलो!

इस्त्रीच्या टेबलाखालची वायर जळाली. एक ठिणगी, थोडा धूर, रबराचा वास. कोणीतरी "आग!" म्हणून ओरडली आणि सारा मजला उठला. मागं कुलूप, म्हणून सगळ्या पुढच्या जिन्याकडे. तिथं खोकी. पहिल्या वळणावरच कोंडी. आणि खालून बदरुल साहेब वर येतायत, दोन्ही हात पसरून, गुरं अडवावीत तसे— "बसा! आपापल्या मशीनवर बसा! काही नाही झालेलं! शिपमेंट आहे!"

मधल्या मध्ये सुफिया पडली. बटणं लावते, बारीकशी, आवाज न करणारी पोर. तिच्या हातावरून किती पाय गेले कोण जाणे. हात मोडला. नुसती बघत बसली हाताकडे.

साहेबांनीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. प्लास्टर होईपर्यंत तिथे बसले म्हणे. हे मात्र खरं, सुफियानं स्वतः सांगितलं नसतं तर मला पटलं नसतं.

१२ ऑक्टोबर

आज लाउडस्पीकरवर सूचना: "कालचा अपघात सैल चपलांमुळे झाला. यापुढे मजल्यावर सैल चपला घालून येऊ नये."

चपलांमुळे!

जाऊन विचारलं, आणि जिना? तर म्हणे, "जिन्याला काय झालंय?"

जिन्याला काही झालं नाही. जिना ठणठणीत आहे.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

परदेशी खरेदीदारांचा माणूस तपासणीला येणार म्हणून काल दिवसभर फॅक्टरीचं लग्न काढलं होतं. पुढच्या जिन्यातली खोकी गच्चीवर गेली. आग विझवायच्या नळकांड्या पुसून लाल केल्या. संडासात साबण! लायली म्हणते, दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिला. आणि मागच्या जिन्याचं कुलूप गायब. दरवाजाच्या चाकांना तेलसुद्धा घातलं. एका बोटानं सरकत होता.

मला दंडाला बांधायला लाल पट्टी दिली— म्हणजे मी सुरक्षेची बाई. बदरुल साहेबांनी आदल्या दिवशी सगळ्यांची तोंडी परीक्षा घेतली. "काम आवडतं का विचारलं तर?" "खूप आवडतं!" "वेळेवर घरी जाता का?" "हो!" कोहिनूर म्हणाली, "साहेब, घरी गेल्यावर नवरा ओळखतो का असं विचारलं तर?" सगळ्या खिदळल्या. साहेबही हसले, मग एकदम आठवल्यासारखे चिडले.

तो गोरा उंच माणूस माझ्याचसमोर थांबला. बरोबर दुभाष्या. विचारलं, हा दरवाजा नेहमी उघडा असतो का?

मागे बदरुल साहेब. डोळे माझ्या पाठीत रुतलेले.

मी म्हटलं, "आज उघडा आहे."

एवढंच. दोन-तीन शब्द. पण दुभाष्यानं त्याचं भलं मोठं भाषण केलं. गोरा खूश! मला अंगठा दाखवून पुढे गेला. त्याला काय सांगितलं, देव जाणे. माझ्या तोंडून माझीच साक्ष उलटी गेली आणि मला समजलीसुद्धा नाही.

संध्याकाळी कुलूप जागेवर.

२३ ऑक्टोबर

म्हटलं, कुलूप राहू दे, दुसरी चावी माझ्याकडे द्या. कमरेला बांधून फिरेन.

"मालकांचा हुकूम नाही."

हुकूम म्हणे! मालक महिन्यातून एकदा अत्तर लावून येतात, चहा पितात, जातात. त्यांना तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप माहीत तरी असेल का? ही सगळी ह्याचीच हौस. चावी खिशात खुळखुळवायची आणि मिशीवरून हात फिरवायचा!

३० ऑक्टोबर

आज मालक आले. मी सरळ पुढे झाले आणि सगळ्यांदेखत विचारलं. मालक गोड हसले. "अरे बदरुल, कुलूप कशाला? बायका-मुली आहेत आपल्या. काळजी घे."

"जी सर," साहेब म्हणाले. मान खाली.

बघ! मी म्हणत नव्हते?

३१ ऑक्टोबर

कुलूप आहेच. आता काय म्हणावं ह्या माणसाला! मालकांनी सांगूनही!

७ नोव्हेंबर

ईद. गावी. आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. शिलाई मशीनचा आवाज नाही म्हणून दचकून जाग आली.

१४ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टीवरून येते तर लायलीची बदली! चौथ्या मजल्यावर, पॅकिंगला. मला न विचारता.

केबिनमध्ये गेले. "ही मला गप्प करायची युक्ती आहे ना, साहेब?"

त्यांनी पेन आपटलं. "तुझी बहीण दिवसभर धागे गिळून खोकते, म्हणून वर पाठवली! तिथे धूळ कमी आहे! तुला प्रत्येक गोष्टीत माझं कपटच दिसतं का गं?"

हो, म्हटलं.

पण लायली खोकते हे खरं. मी रोज ऐकते. वर पाठवायचं मला सुचलं नव्हतं. ह्याचाही रागच आला.

चौथ्यावरही मागच्या दाराला कुलूप. तीच चावी.

२० नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहून ठेवते.

सुफियाचं प्लास्टर निघालं, कामावर परत आली. तिला पाहून माझं डोकं पुन्हा फिरलं. जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मालक माझ्यासमोर म्हणाले कुलूप नको. आता तुम्ही कोणाचा हुकूम पाळताय? घरच्या मंडळींचा?

साहेबांचा चेहरा असा झाला की वाटलं, आता हाकलतात. त्यांनी मोबाइल काढला, मालकांना लावला, आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला. मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण.

"सर, मागच्या जिन्याचं कुलूप काढू का? बायका घाबरतात."

मालकांचा आवाज ओळखला मी. पण तो गोडवा कुठे! "पुन्हा तेच? त्या बाईसमोर मी काय बोललो ते धरून बसलास? एक शर्ट जरी मागून गेला ना, तुझ्या पगारातून कापीन. आणि कुलूप काढलंस तर तूही मागच्याच जिन्यानं जा. दुसरे दहा जण रांगेत आहेत."

फोन बंद.

साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "ऐकलंस? झालं समाधान?"

 मग सुचलं तेच बोलले. "मग नाही म्हणा ना त्यांना! पुरुष आहात!"

"मला तीन पोरं आहेत, मोर्शेदा."

इथे कोणाला पोरं नाहीत? माझ्या लाइनीवर परत येईपर्यंत हेच डोक्यात. दोघांचाही राग येतोय. मालकाचा येतो तो सरळ आहे. ह्याचा येतो तो वाकडातिकडा, कुठे ठेवावा तेच कळत नाही.

१ डिसेंबर

थंडी पडली. लायलीचा खोकला कमी आहे. वरच्या मजल्यामुळे असेल. नसेलही.

कुलूप आहे.

१३ डिसेंबर, मंगळवार

शनिवारी आग लागली.

आज कुठे लिहायला बसले.

जेवणानंतर. नुकत्याच मशीनी सुरू झाल्या होत्या. पुढच्या जिन्यातून धूर आला. खालच्या गोदामात कापडाचे तागे पेटले होते. आधी वाटलं पुन्हा वायर. मग दिवे गेले. पुढच्या जिन्यातून धूर नाही, काळी भिंत येत होती.

मी ओरडले, मागे! मागच्या जिन्याकडे! आणि ओरडतानाच माहीत होतं की मागे काय आहे.

काही जणी पुढेच धावल्या. सुफियाही. मी तिला हाक मारली, ती थांबली नाही. मागे कुलूप असतं हे तिला पक्कं माहीत होतं. हात मोडून शिकली होती. ती पुढच्या जिन्यात गेली आणि परत दिसली नाही.

आम्ही जाळीला लटकलो. कोहिनूर इस्त्री घेऊन कुलपावर मारत होती. पितळेवर साधा ओरखडा नाही. मागून सगळ्या ढकलतायत. श्वास घेतला की घशात आग. मी आई म्हणून ओरडत होते असं कोहिनूर सांगते. मला आठवत नाही.

मग जाळीच्या पलीकडून, खालून, पायऱ्यांवर कोणीतरी धापा टाकत येतंय. बदरुल साहेब! खाली ट्रक भरत होते. अंगणात होते, मोकळ्या हवेत. पोट सांभाळत, एकेक पायरी चढत येत होते आणि नेहमीसारखे ओरडत होते— "ढकलू नका! एकेक! अरे, चावी लावू द्याल की नाही!" कुलपाला लावता लावता जुडगा पडला. मी जाळीतून बघतेय. त्यांनी उचलला, शिवी घातली, पुन्हा लावला. उघडलं.

आम्ही लोंढ्यासारख्या खाली. मी दारातच अडले. म्हटलं, लायली वर आहे!

"माहीत आहे गं! तू आधी उतर! जिना अडवून उभी राहू नकोस!"

हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. असं खेकसूनच.

ते वर गेले. थोड्या वेळानं चौथ्यावरच्या मुली उतरायला लागल्या. लायली आली, तोंड काळं, चप्पल एकच. मी तिला मारलं की मिठी मारली, आठवत नाही. ती सांगते, साहेबांनी दार उघडलं, एकेकीला दंडाला धरून बाहेर ढकललं. मग कोणीतरी म्हणालं, संडासात दोघी राहिल्यात. ते आत गेले.

अग्निशमनवाल्यांना तिघं एकत्र सापडली. खिडकीपाशी.

पुढच्या जिन्यातल्यांना ओळखायला मला नेलं होतं. ते लिहीत नाही.

१५ डिसेंबर, गुरुवार

मालक टीव्हीवर. पांढरा सदरा, डोळ्यांत पाणी. "दरवाजे सदैव उघडे ठेवण्याचे आमचे सक्त आदेश होते. मॅनेजर बदरुल यांनी परस्पर कुलूप लावलं. मृताबद्दल वाईट बोलू नये, पण त्यांच्या बेफिकिरीनं आज..."

चाळीतल्या सगळ्या बायका टीव्हीसमोर. कोणी थुंकलं. "चावीवाला!" कोणी म्हणालं, त्याच्या घरावर दगड पडले.

मी उठून बाहेर आले. तीन महिने ह्याच माणसाला मी हेच म्हणत होते. अगदी हेच शब्द! आणि आता तेच टीव्हीवर ऐकून अंगाची लाही लाही होतेय. मेला तरी त्रास देतोय हा माणूस!

१६ डिसेंबर, शुक्रवार

बाहेर विजय दिवसाची गाणी. दार वाजलं. काळ्या चादरीत एक बाई, बरोबर लहान मुलगी. म्हणाली, "मी शिरीन. बदरुल मियांच्या घरातून."

बसायला चटई दिली. पाणी दिलं.

मग तीच म्हणाली, "आपा, तुमचं नाव आमच्या घरात रोज निघायचं."

काय म्हणायचे?

"म्हणायचे, ही बाई मला जगू द्यायची नाही."

मला हसू आलं. तिलाही आलं. मग ते हसू दोघींच्याही तोंडावर तसंच अडकून राहिलं, आणि मुलगी आमच्याकडे आळीपाळीनं बघत बसली.

शिरीन भाबी सांगत होती— वाणी सामान देत नाही. मोठ्याला शाळेत चावीवाल्याचा म्हणतात. जनाज्याला शेजारचे आले नाहीत. "आपा, ते म्हणायचे मालकांनी सांगितलंय. तुम्हाला काही माहीत असेल तर बोला."

मी म्हटलं, "भाबी, खोटं नाही बोलणार. चावी त्यांच्याच खिशात होती. मी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं."

"हो," ती म्हणाली. "ते मला माहीत आहे. बाकीचंही बोला."

१७ डिसेंबर

मालकाचा माणूस येऊन गेला. मिठाई घेऊन! म्हणाला, साहेबांची जागा रिकामी आहे, तुमच्यासारखी धडाडीची बाई हवी. फक्त चौकशीत सांगायचं, कुलूप बदरुल मनानं लावायचा. "तुम्ही तर आधीपासून हेच म्हणताय ना?"

मिठाईचा डबा त्याच्यामागे जिन्यात फेकला.

कोहिनूरला सांगितलं. वाटलं, शाबास म्हणेल. ती उसळली. "त्याची वकिली करणार तू? सुफिया कोणामुळे मेली? जाळीला लटकून आपण मरत होतो, ते कुलूप कोणी लावलं होतं?"

त्यांनीच उघडलंही, म्हटलं.

"लावलं म्हणून उघडावं लागलं!"

तिच्या हाताला पट्टी आहे. इस्त्रीनं भाजलंय. ती म्हणते त्यातलं एकही अक्षर खोटं नाही.

१९ डिसेंबर, सोमवार

चौकशी समितीसमोर गेले. सगळं सांगितलं. चावीचं, जेवायला घरी जायचं, खोक्यांचं— काही लपवलं नाही. मग फोनचं. मालकांचे शब्द जसेच्या तसे.

समितीचे साहेब शांत माणूस. चष्मा पुसत म्हणाले, "बाई, हा फोन आणखी कोणी ऐकला?"

बदरुल साहेबांनी.

"म्हणजे जो मेला त्यानं. आणि मालक म्हणतात असा फोन झालाच नाही. एकट्या तुमच्या शब्दावर मी काय लिहू?"

काय लिहू! इतके दिवस ओरडत होते तेव्हा कोणी ऐकलं नाही. आता ऐकायला बसलेत तर पुरावा नाही. बाहेर येऊन फाटकापाशी रस्त्यावरच बसले. चहावाला उठवायला लागला तर त्याच्यावरही खेकसले. हुबेहूब बदरुल साहेबांसारखी.

२० डिसेंबर

सकाळी सकाळी कोहिनूर दारात. आत येईना. म्हणाली, "तो फोन मीही ऐकला. रजा मागायला गेले होते, केबिनच्या बाहेर उभी होते."

म्हटलं, इतके दिवस बोलली का नाहीस?

"बोलले असते तर तो चावीवाला सुटला असता."

आणि आता?

"आता दुसरा सुटतोय. चल, चप्पल घाल."

खाली रिक्षा थांबवून ओरडतेय. निघते.